कीड खरोखर कमी झाली का? घरातील आणि बागेतील कीडनाशके पारखून पाहण्याची रीत

झुरळे, मुंग्या, डास, ढेकूण आणि कुंडीतल्या रोपांवरचा मावा यांच्यासाठी आज इतकी उत्पादने मिळतात की नेमके काय घ्यावे, हा प्रश्न कोणालाही पडावा. फवारे आहेत, जेल आहे, भुकटी आहे, धूर सोडणारे डबे आहेत, भिंतीतल्या प्लगला लावायची यंत्रे आहेत आणि ‘संपूर्ण नैसर्गिक’ असे लिहिलेली तेलेही आहेत. त्यातून एकाच उत्पादनाबद्दल एक जण ‘रामबाण’ म्हणतो, तर दुसरा ‘पैसे पाण्यात गेले’ असे सांगतो. बहुतेक वेळा दोघेही प्रामाणिक असतात, कारण दोघांनीही डोळ्यांना दिसले तेच सांगितलेले असते. कीटकांच्या बाबतीत मात्र डोळ्यांना दिसणारा भाग फार थोडा असतो. म्हणूनच उत्पादन वापरून पाहण्याची एक साधी, शिस्तीची रीत प्रत्येक घराला माहीत असावी, असे मला मनापासून वाटते. वापरण्याआधी मोजावे, वापरल्यानंतर मोजावे आणि शक्य असेल तेथे थोडा भाग उत्पादन न वापरता तसाच ठेवावा, एवढीच ती रीत आहे. ती का लागते आणि कशी पाळायची, ते पुढे क्रमाने पाहू.

## उत्पादन नेमके काय करते?

प्रत्येक उत्पादनात प्रत्यक्ष काम करणारे एक किंवा दोन पदार्थ असतात आणि बाकीचा भाग पाणी, तेल, सुगंध किंवा आमिषातले खाद्य यांचा असतो. काम करणाऱ्या पदार्थाला ‘सक्रिय घटक’ म्हणतात. त्याचे नाव आणि प्रमाण वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेले असते. चाचणीची सुरुवात या बारीक अक्षरांपासून करावी, कारण मोठ्या अक्षरांतले नाव वेगळे असूनही दोन डब्यांतला सक्रिय घटक एकच असणे अगदी नेहमीचे आहे.

काही घटक अंगावर पडताच कीटकाच्या मज्जासंस्थेवर आघात करतात. शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून मिळणारे पायरेथ्रिन आणि त्याच्या धर्तीवर कारखान्यात बनवलेली पायरेथ्रॉइड रसायने या गटात येतात. काही घटक पोटात गेल्यावरच काम करतात. मुंग्यांच्या आणि झुरळांच्या आमिषात ते असतात. साबणाचे द्रावण मऊ अंगाच्या किडीचे बाह्य आवरण बिघडवते, परंतु पान वाळले की त्याचा प्रभाव संपतो. डायटोमेशियस अर्थ ही सूक्ष्म शेवाळांच्या जीवाश्मांची भुकटी असून ती कीटकाच्या अंगावरचा मेणाचा थर शोषून घेते आणि तो कोरडा पडून मरतो. ही भुकटी ओली झाली की निरुपयोगी ठरते. निंबोळीतला अझाडिरॅक्टिन हा घटक वाढत्या पिलांच्या कात टाकण्याच्या क्रियेत अडथळा आणतो. त्यामुळे फवारल्यावर तासाभराने पाहणाऱ्याला काहीच घडले नाही असे वाटते आणि त्यात उत्पादनाचा दोष नसतो.

थोडक्यात, उत्पादन कसे काम करते हे कळल्याशिवाय केव्हा पाहायचे आणि काय मोजायचे हे ठरवता येत नाही.

## ‘माझ्या डोळ्यांसमोर झुरळे मेली, मग आणखी कोणता पुरावा हवा?’

हा आक्षेप स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर झुरळाच्या सवयींत आहे. घरात आढळणारे लहान, तपकिरी रंगाचे जर्मन झुरळ दिवसाचा बहुतेक वेळ कपाटाच्या सांध्यांत, फ्रिजच्या मागे आणि नळाच्या पोकळीत दडून बसते. रात्री बाहेर दिसणारी झुरळे ही त्या वसाहतीचा छोटा हिस्सा असतात. मादीच्या अंड्यांच्या एका डबीत साधारण ३० ते ४० अंडी असतात आणि ती फुटण्याच्या सुमारापर्यंत मादी ही डबी अंगाशीच बाळगते. जमिनीवर पडलेली दहा मेलेली झुरळे पाहून समाधान वाटते खरे, पण मोजायची असते ती मागे उरलेल्यांची संख्या.

शिवाय, उलथे पडलेले प्रत्येक झुरळ मेलेले असतेच असे नाही. पायरेथ्रिनचा झटका इतका जलद असतो की कीटक लगेच कोसळतो, परंतु मात्रा कमी पडली तर त्याच्या शरीरातली विकरे (एन्झाइम) विष मोडून काढतात आणि तो काही तासांनी चालू लागतो. हे टाळण्यासाठी अनेक फवाऱ्यांत पायपेरोनिल ब्युटॉक्साइड मिसळतात. ते स्वतः मारक म्हणून घातलेले नसते, तर त्या विकरांना रोखते. पायरेथ्रिन आणि पायरेथ्रॉइड रसायनांचा आणखी एक गुण चाचणीत हमखास फसवतो. त्यांच्या संपर्काने झुरळे लपणीतून बाहेर उधळतात आणि दुसऱ्या खोलीत जातात. स्वयंपाकघर स्वच्छ झाल्यासारखे वाटते आणि महिन्याभराने न्हाणीघरात झुरळे दिसू लागतात.

खोली बंद करून सोडायच्या धुराच्या डब्यांबाबत हे प्रत्यक्ष घरांत तपासले गेले आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना येथील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात झुरळे असलेल्या घरांत असे चार वेगवेगळे डबे वापरून पाहिले. महिन्याभरानंतरही झुरळांच्या संख्येत घट आढळली नाही. उलट जमीन आणि ओटे यांवर कीटकनाशकाचा थर मात्र वाढला. त्याच अभ्यासात जेलचे आमिष लावलेल्या घरांत संख्या स्पष्टपणे घटली. कारण अवघड नाही. हवेत पसरलेले थेंब सपाट पृष्ठभागांवर बसतात, फटींच्या आत जात नाहीत, आणि झुरळे तर फटींतच असतात.

## ‘पण वापरल्यानंतर कीड कमी झालीच ना?’

कमी झाली असेलही, पण उत्पादनामुळेच झाली का, हा खरा प्रश्न आहे. साधा ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपोआप उतरणार असतो आणि नेमके त्याच दिवशी घेतलेल्या काढ्याला सगळे श्रेय मिळते, तसेच येथे होते. आपण फवारा हातात घेतो तो कीड टोकाला पोहोचल्यावर, आणि टोकाला पोहोचलेली संख्या पुष्कळदा स्वतःहूनही खाली येते. मावा हे याचे उत्तम उदाहरण आहे. अनुकूल हवेत माव्याच्या माद्या नराशिवाय थेट पिलांना जन्म देतात, त्यामुळे त्यांची संख्या भराभर वाढते. मग जोराचा पाऊस येतो, मावा खाणारे ढालकिडे आणि क्रायसोपा या मित्रकीटकाच्या अळ्या जमतात, आणि संख्या तितक्याच वेगाने कोसळते.

म्हणूनच काही रोपे न फवारता ठेवावी लागतात. त्यांना ‘तुलनेची रोपे’ म्हणू. एक काल्पनिक आकडेमोड पाहा. फवारलेल्या रोपाच्या ठरावीक पानांवर आधी ४० मावा होते आणि आठवड्याने १० उरले. वरवर पाहता ७५ टक्के घट झाली. शेजारच्या न फवारलेल्या रोपावरही आधी ४० होते आणि आठवड्याने २० उरले, म्हणजे काहीही न करता निम्मे कमी झाले. फवारले नसते तर पहिल्या रोपावरही २० उरले असते असे धरले, तर फवाऱ्याचे खरे काम २० वरून १० वर आणण्याचे, म्हणजे ५० टक्के आहे. उत्पादन निरुपयोगी ठरत नाही, पण ७५ टक्क्यांचा समज मोडतो. उलट, तुलनेच्या रोपावरही १० च उरले असते, तर फवाऱ्याचे श्रेय शून्यावर आले असते.

प्रयोगशाळांतही हाच विचार चालतो. न फवारलेल्या गटात मेलेल्या कीटकांची वजावट करून परिणाम काढण्याचे सूत्र डब्ल्यू. एस. अ‍ॅबट यांनी १९२५ मध्ये मांडले आणि ते आजही जगभर वापरले जाते. आधीची आणि नंतरची अशा दोन्ही मोजण्या धरणारे हेंडरसन आणि टिल्टन यांचे सूत्र १९५५ चे आहे. वरची आकडेमोड त्याच सूत्राची आहे.

## मोजायचे कसे?

बागेत हे सोपे आहे. चार ते सहा रोपे निवडावीत आणि प्रत्येकावर चार-पाच पानांना दोरा बांधून खूण करावी. दरवेळी तीच पाने, साधारण त्याच वेळी, खालच्या बाजूने पाहावीत, कारण मावा, पांढरी माशी आणि लाल कोळी पानाच्या पाठीशीच जास्त असतात. कोणत्या रोपांना फवारायचे हे चिठ्ठी टाकून ठरवावे. अन्यथा आपण नकळत सर्वांत वाईट रोपे फवाऱ्यासाठी निवडतो आणि तुलना तेथेच बिघडते. न फवारलेल्या रोपांवरही साधे पाणी तितक्याच जोराने मारावे, कारण पाण्याच्या झोतानेसुद्धा बराच मावा धुऊन जातो आणि ते श्रेय औषधाला मिळू नये. मोजताना फुगलेले, कडक, तपकिरी झालेले मावा वेगळे धरावेत. त्यांच्या पोटात परजीवी गांधीलमाशीची अळी वाढलेली असते, म्हणजे तेथे निसर्गाचे नियंत्रण आधीच सुरू झालेले असते. असे मावा पुष्कळ दिसले, तर मी फवारणी पुढे ढकलण्याचाच सल्ला देईन.

घरात झुरळांसाठी चिकट सापळे उपयोगी पडतात. त्यांनी कीड संपत नाही, पण मोजणी उत्तम होते. ओट्याखाली, फ्रिजमागे आणि कचऱ्याच्या डब्याजवळ असे चार-पाच सापळे भिंतीला लागून ठेवावेत, तीन रात्रींनी मोजावेत आणि आकडा तारखेसह लिहावा. त्यानंतर उत्पादन वापरावे आणि दर आठवड्याला त्याच जागी नवे सापळे लावून पुन्हा मोजावे. पिले आणि मोठी झुरळे वेगवेगळी लिहिली तर अधिक कळते: मोठी घटली पण पिले येतच राहिली, तर अंडी फुटत आहेत आणि उपचार पुरेसा टिकलेला नाही. मुंग्यांची ओळ असेल, तर भिंतीवर एक खूण करून दोन मिनिटांत ती किती मुंग्या ओलांडतात हे मोजले तरी भागते.

घरात न फवारलेला भाग ठेवणे नेहमी शक्य नसते, कारण झुरळे खोल्या बदलतात. अशा वेळी उपचाराआधीचे दोन-तीन आठवड्यांचे आकडे तुलनेचे काम करतात. संख्या आधीपासूनच घसरत होती की स्थिर होती, हे त्यांवरून दिसते.

डासांची मोजणी सर्वांत अवघड, कारण ते बाहेरून येत राहतात. पण त्यांच्या अळ्या साचलेल्या पाण्यात एका जागी सापडतात. अळ्या मारणारा बीटीआय हा जिवाणू १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटात सापडला आणि त्याचे दाणे किंवा गोळ्या मिळतात. सारख्या आकाराच्या दोन पाणसाठ्यांपैकी एकात ते टाकून दुसऱ्या दिवशी दोन्हींतल्या अळ्या मोजल्या तर फरक ताबडतोब दिसतो. मोजून झाल्यावर दुसरे पाणी कोरड्या जमिनीवर ओतून टाकावे, तुलनेसाठी डास वाढवू नयेत. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: कोषावस्थेतला डास काही खात नाही, म्हणून बीटीआयचा त्याच्यावर परिणाम होत नाही, आणि दोन-तीन दिवस थोडे नवे डास निघतातच.

ढेकणांबाबत मात्र घरगुती प्रयोगात वेळ घालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्यात पायरेथ्रॉइडविरुद्ध प्रतिकार अनेक देशांत पसरलेला आहे आणि महिनाभराच्या चाचणीत ते शेजारच्या खोल्यांत जातात. पलंगाच्या पायांखाली ढेकूण अडकतील अशा वाट्या ठेवून त्यांची उपस्थिती तपासावी, आणि आढळल्यास उष्णतेचा उपचार किंवा जाणकार व्यावसायिक यांच्याकडे जावे.

## किती दिवस वाट पाहायची?

निदान इतके, की पहिल्या दिवशी असलेली अंडी फुटून पिले बाहेर येतील. जर्मन झुरळाची डबी तयार झाल्यापासून पिले निघायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठवड्याभराच्या आनंदाला अर्थ नाही. सहा ते आठ आठवडे मोजावे. उष्ण हवेत डास अंड्यापासून सात ते दहा दिवसांत उडू लागतो, तेथे दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट होते.

आमिषांच्या बाबतीत तर संथपणा मुद्दाम ठेवलेला असतो. मुंग्या गोळा केलेले खाद्य एकमेकींच्या तोंडात देतात आणि ते राणीपर्यंत जाते. वाहणारी मुंगी वाटेतच मेली तर विष वारुळात पोहोचत नाही. साखरेच्या पाण्यातल्या बोरिक अ‍ॅसिडचे प्रमाण म्हणूनच एक टक्का किंवा त्याहून कमी ठेवणे चांगले ठरलेले आहे. जास्त घातले की मुंग्या लवकर मरतात किंवा आमिष टाळतात, आणि वारूळ शाबूत राहते. आमिष ठेवल्यावर पहिल्या दिवशी मुंग्या वाढलेल्या दिसल्या तर घाबरून त्यांच्यावर फवारा मारू नये. त्या आमिष नेत आहेत, म्हणजे उपचार चालू आहे.

## ‘दोन-तीन उत्पादने एकदम वापरली तर लवकर निकाल लागेल’

निकाल लागेल, पण कोणाचा ते कळणार नाही. त्याहून वाईट म्हणजे काही जोड्या एकमेकींचे काम बिघडवतात. जेलच्या थेंबांजवळ झुरळांना नकोसा वाटणारा फवारा मारला तर ती जेलकडे फिरकत नाहीत. चाचणीच्या काळात एका जागी एकच उपचार ठेवावा. जेल लावण्याआधी ओटा पुसणे, गळका नळ दुरुस्त करणे आणि फटी बुजवणे मात्र अवश्य करावे, आणि ही कामे मोजणी सुरू करण्याच्या आधीच पूर्ण करावीत, म्हणजे त्यांचा परिणाम जेलच्या नावावर जमा होणार नाही.

मात्रा वाढवण्याचा मोहही असाच. वेष्टनावरची मात्रा अनेक चाचण्यांनंतर ठरलेली असते. साबणाचे द्रावण तीव्र केले तर कीड मरण्याआधी पाने करपतात, म्हणून कोणताही फवारा आधी दोन-चार पानांवर मारून एक-दोन दिवस थांबावे.

## ‘नैसर्गिक आहे, म्हणजे निर्धोक आणि चाचणीची गरज नाही’

तंबाखूतले निकोटिन पूर्णपणे नैसर्गिक आहे आणि माणसासाठी अत्यंत विषारी आहे. काही वनस्पतींच्या मुळांत असणारे रोटेनोन माशांसाठी घातक आहे. घटक कोठून आला यावरून तो किती सुरक्षित आहे हे ठरत नाही, आणि तो काम करतो का हेही ठरत नाही. निंबोळी तेल उन्हात लवकर विघटित होते, त्यामुळे त्याची चाचणी घेणाऱ्याने ते संध्याकाळी आणि वेष्टनावरच्या अंतराने पुन्हा फवारूनच निष्कर्ष काढावा. सुगंधी तेलांचे अनेक फवारे काही काळ कीटकांना दूर ठेवतात. तो काळ तासांत मोजायचा की दिवसांत, हे पाहणे हीच त्यांची खरी चाचणी.

ऐकू न येणाऱ्या आवाजाने कीटक आणि उंदीर पळवण्याचा दावा करणारी प्लगची यंत्रे मात्र मी विकत घेऊ नका असेच सांगेन. अशा दाव्यांना शास्त्रीय पुरावा असला पाहिजे, असे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये ६० हून अधिक उत्पादकांना आणि विक्रेत्यांना पत्रे पाठवून बजावले होते.

## चाचणी घेताना कोणाला इजा होऊ नये

घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिनपासून तिला काटेकोरपणे दूर ठेवावे. मांजराचे यकृत ते नीट मोडू शकत नाही, आणि कुत्र्यासाठी असलेले पर्मेथ्रिनचे थेंब मांजरावर टाकल्याने तिला झटके येतात, वेळीच उपचार न मिळाल्यास मृत्यूही होतो. गोगलगायींच्या आमिषातले मेटाल्डिहाइड कुत्र्यांना घातक असते. बागेसाठीचे उत्पादन घरात वापरू नये, दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवू नये आणि दोन औषधे एकत्र कालवू नयेत. धुराच्या डब्यांतला वायू ज्वलनशील असतो. गॅसची ज्योत चालू असताना ते सोडल्याने स्फोट झालेले आहेत. डायटोमेशियस अर्थ वापरताना नाकातोंडावर मास्क बांधावा.

फुलावर आलेल्या रोपांवर पायरेथ्रॉइड मारू नये, कारण मधमाश्यांनाही ते मारक आहे. खाण्याच्या भाज्यांसाठी वेष्टनावर फवारणी आणि तोडणी यांत सोडायचे दिवस दिलेले असतात, ते पाळावेत. चाचणीतल्या तुलनेलाही याचा संबंध आहे: पायरेथ्रॉइडने लाल कोळ्यांना खाणारे मित्रकीटक मरतात आणि काही आठवड्यांनी लाल कोळी पूर्वीपेक्षा जास्त होतो. म्हणून मावा मोजताना त्याच पानांवर कोळीही मोजावा. एक कीड घटवून दुसरी वाढवणारा उपचार यशस्वी म्हणता येणार नाही.

## आकडा हललाच नाही तर?

आधी वापरण्यात चूक झाली का ते तपासावे: जेल वाळले होते का, भुकटी ओली झाली का, सापळ्यांच्या जागा बदलल्या का. तसे नसेल तर प्रतिकारशक्तीचा विचार करावा. एकाच औषधाच्या सततच्या वापरातून जे थोडे कीटक वाचतात, त्यांचीच पिढी वाढते. फळझाडांवरची सॅन होजे खवले कीड चुना-गंधकाच्या फवाऱ्याला जुमानेनाशी झाली आहे, हे ए. एल. मेलँडर यांनी १९१४ मध्येच नोंदवले होते. डीडीटीच्या कीटकनाशक गुणाचा शोध पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये लावला. १९४८ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला, तोपर्यंत डीडीटीने न मरणाऱ्या घरमाश्या आढळू लागल्या होत्या. झुरळांनी तर आणखी वेगळी वाट काढली. आमिषात गोडीसाठी ग्लुकोज घालत, तेव्हा ते टाळणाऱ्या झुरळांच्या वसाहती आढळल्या, आणि या झुरळांना ग्लुकोज कडू लागते असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. जेलला झुरळे तोंडच लावत नसतील, तर विष कमजोर आहे असे मानण्याआधी वेगळ्या खाद्याचे जेल लावून पाहावे.

नवे उत्पादन निवडताना पुन्हा त्या बारीक अक्षरांकडे वळावे लागते. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, बायफेन्थ्रिन, अ‍ॅलेथ्रिन, ट्रान्सफ्लुथ्रिन ही सगळी पायरेथ्रॉइडच आहेत आणि कीटकाच्या नसांवर एकाच ठिकाणी आघात करतात. यांपैकी एक निकामी ठरल्यावर दुसरे आणणे म्हणजे बहुधा तीच चाचणी पुन्हा घेणे होय. झुरळांसाठी फिप्रोनिल, इंडोक्साकार्ब आणि हायड्रामेथिलनॉन यांची आमिषे वेगवेगळ्या गटांत मोडतात, म्हणजे कीटकावर वेगवेगळ्या रीतीने काम करतात, त्यामुळे एकाकडून दुसऱ्याकडे जाण्यात अर्थ आहे. काही देशांत वेष्टनावर गटाचा क्रमांकही छापतात. पायरेथ्रॉइडसाठी तो ३ए, फिप्रोनिलसाठी २बी, इंडोक्साकार्बसाठी २२ए आणि हायड्रामेथिलनॉनसाठी २०ए असा असतो. सापळ्यांचे आकडे ज्या वहीत लिहिले, तिच्यातच वापरलेल्या घटकाचे नाव आणि गट लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी दुकानात उभे असताना नेमके काय टाळायचे ते हाताशी असेल.